सरदाराचं सोयीचं लग्न

बडोदे, शनिवार

तीर्थरूप अहल्याताईस श्रीकृष्णाचा शिरसाष्टांग नमस्कार. तुझे गुडघे आणि भावोजींचा आवाज, दोन्ही शाबूत असतील असं धरून लिहितो.

तुझ्या भावजयीचा, नीराचा पाय मुरगळला असं मी फोनवर सांगितलं ते खोटं. मोडलाय. (रावपुऱ्यात स्कूटरवरून उतरताना. स्कूटर मी थांबवली होती की नव्हती, यावर आमचं एकमत नाही.) सहा आठवडे प्लास्टर आहे. चष्माही तेव्हाच फुटला. नवा आणला तर म्हणते डोकं दुखतं. म्हणून लायब्ररीतली तिची कादंबरी मी मोठ्यानं वाचतो. चौतीस वर्षं रेल्वेची परिपत्रकं वाचलेला माणूस मी, पहिले काही दिवस त्याच चालीत वाचलं.

गोष्ट पेशवाईतली. दसऱ्याच्या आत लग्न केलं नाही तर जहागीर जाणार, म्हणून एक सरदार वैद्याच्या मुलीशी सोयीचं लग्न करतो. प्रेम करायचं नाही असा दोघांचा करार. आणि ती त्याला रोज सोंगट्यांत हरवते. तिसऱ्या प्रकरणापासून मला अशी गोडी लागली (भावोजींना सांगू नकोस) की गॅसवरचं दूध करपायला लागलं आणि शेजारच्या कोकिळाबेनना ओरडावं लागलं, "श्रीकृष्णभाई, दूध बळे छे!" सरदार तिचा गजरा सारखा करतो तिथे मी 'वगैरे वगैरे' म्हणून पान उलटलं, तर नीरा म्हणाली, "वगैरे काय? सगळं वाचा." वाचलं. कान तापले.

मग सरदारानं कबूल केलं, की लग्न जहागिरीसाठीच केलं होतं. मी जोशात बोलून गेलो, "मी तरी काय, क्वार्टरसाठीच केलं!" (तुला आठवत असेल, प्रतापनगरचं क्वार्टर लग्न झालेल्यांनाच मिळायचं, आणि तू पंधरा दिवसांत स्थळ काढलंस.) संध्याकाळी नीरानं पुस्तक मागितलं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. ताई, मोडलेल्या पायाच्या बाईला उठून माहेरी जाता येत नाही, एवढाच काय तो मला आधार.

तिसऱ्या दिवशी खुर्ची ओढून बसलो. सरदाराचं क्षमा मागण्याचं भाषण पाठ केलं होतं, पण तोंडातून आलं ते इतकंच, "क्वार्टर सोडून बावीस वर्षं झाली, नीरा. मी अजून इथंच आहे."

ती भिंतीकडे बघतच म्हणाली, "मलाही बारा माणसांच्या घरात पडायचं नव्हतं. दोन खोल्या, एक माणूस. म्हटलं, जमेल." आणि पुस्तक माझ्याकडे सरकवून, "वाचा पुढे."

भावोजींना नमस्कार. तब्येतीला जप.

तुझा,
श्रीकृष्ण

ता. क. पत्र लिहायचं खरं कारण राहिलंच. पुस्तकाची शेवटची सोळा पानं कुणीतरी फाडली आहेत. पुण्यात प्रत मिळाली तर तेवढ्या पानांची झेरॉक्स काढून तातडीनं पाठव. तोवर रोज मनानंच रचून सांगतोय, आणि सरदार माझ्या हातात पार बिघडत चाललाय.

ता. क. (नीराकडून) वन्सं, पानं मिळाली तरी पोस्टात टाकू नका. पुस्तकातला शेवट मी गेल्या दिवाळीतच वाचलाय. ह्यांचा अजून ऐकायचाय.