निलूचं ताठलेलं अंग

१२ जाने., रोहा
परवा पेणच्या मानसोपचाराच्या डॉक्टर मॅडमनी निलूचं इंजेक्शन वाढवलं. आज पहिल्यांदाच गप्प. धाटावला कंपनीत होता तेव्हापासून सुपरवायझर भिंतीतून बोलतो म्हणायचा, आज एकदाही नाही. आई खूश. "तुझा भाव परत आला बघ." मलाही तसंच वाटलं.

१४ जाने.
गप्प नाही, ताठ. आईनं तिळगूळ भरवला, तो तोंडात तसाच. हात वाकवायला गेले तर वाकेना. "निलू, ताईकडे बघ." डोळे फिरले, मान नाही. आई म्हणते थंडी बाधली असेल.

१५ जाने.
अंग तापलेलं, घामानं शर्ट ओला. इथल्या डॉक्टरांना मलेरियाचा संशय. रक्त घेतलं. मला राहवेना, मॅडमना फोन केला. "हातपाय कडक झालेत का?" हो म्हटल्यावर त्यांचा आवाजच बदलला. "आता एकही गोळी देऊ नका. तसंच घेऊन या." अॅम्ब्युलन्स. वडखळला ट्रॅफिक. निलूची छाती भात्यासारखी.

१६ जाने., पेण
आयसीयू. औषधाचीच रिअॅक्शन. क्वचित कुणाला होते, पण जीव जाऊ शकतो. स्नायू झिजतात, त्याचा भार किडनीवर. लघवी काळ्या चहासारखी. सलाईन, गार पट्ट्या, ताठरपणा उतरवायचं औषध नाकातल्या नळीतून.
मी विचारलंच, "मॅडम, औषध तुम्हीच दिलं होतंत ना?"
"हो. मीच."
उठून मात्र गेल्या नाहीत. माझा राग कुठे ठेवू कळेना.

२१ जाने.
ताप नाही. रक्ताचे आकडे उतरतायत. सकाळी बोटं वाकवली. "ताई, पाणी." आई बाहेर जाऊन रडली.

३० जाने., रोहा
घरी आणला. भिंत धरून चालतो. "तेव्हा मला सगळं कळत होतं, ताई. सांगता येत नव्हतं."

६ फेब्रु.
सुपरवायझर परत बोलायला लागला, भिंतीतून. आईला सांगितलं नाही. मॅडम म्हणतात, दुसरं औषध, अगदी थोडं, अॅडमिट करून. तशी रिअॅक्शन परत होणारच नाही असं नाही. आणि न देणं हाही धोकाच.

८ फेब्रु.
निलूलाच विचारलं. शेवटी जाणार त्याच्याच अंगात.
"घेशील?"
त्यानं भिंतीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तू दवाखान्यात थांबशील?"
"व्हय."
"मग सांगतो उद्या."