दुसऱ्या बेडरूमचं माप

५ ऑक्टोबर, रविवार. सकाळी ७
आजपासून रोजनिशी. संकल्प एकच: ३१ डिसेंबरला रिटायर व्हायच्या आत मुलाचं, सुजितचं घर नक्की करायचं. लोन तो काढेल, निवड मी करणार. चौतीस वर्षं प्लांटमध्ये मेंटेनन्सला काढली. या पोरांना घरातलं काय कळतं?

मार्चअखेर कॉलनीतलं क्वार्टर रिकामं करायचंय. त्याआधी टू बीएचके. एक बेडरूम सुजित आणि सूनबाई दिशाची, दुसरी माझी. असं अजून कुणी म्हटलेलं नाही, पण त्यात म्हणायचं काय? कॉलनीत क्वार्टर सीनियॉरिटीने मिळतं. घरात सीनियर मीच. आत्ता ती दोघं बोईसरला भाड्याच्या वन बीएचकेत राहतात आणि मी इथे एकटा, ते केवळ तिथे जागा नाही म्हणून.

१२ ऑक्टोबर, रविवार
बोईसरला दोन साइट पाहिल्या. मी भिंती ठोकल्या, नळ सोडले, फ्लश ओढले. दुसऱ्या बेडरूमची भिंत टेपने मोजली. माझा सागवानी पलंग साडेसहा फूट. मासवणच्या सुताराने केलेला, जागचा हलत नाही. भिंत सहा फूट. साइट बाद.

सूनबाईंची तऱ्हा वेगळी. फोन वर धरून प्रत्येक खोलीत फिरली, नेटवर्कच्या काड्या मोजत. मग बाल्कनीत उभी राहून चक्क हवेचा वास घेतला. म्हणाली, संध्याकाळी परत येऊ, कंपन्यांकडून वारा येतो तेव्हा. नाकाने घर घेणारी बाई पहिल्यांदा पाहिली.

तिथला सेल्सवाला विपुल मला बाजूला घेऊन म्हणाला, सर, यंग कस्टमर पहिलं इंटरनेट विचारतात, मग हवा, मग लिफ्ट, मग कुत्रं चालेल का. पाण्याच्या टाक्या किती, हे हल्ली कुणी विचारत नाही. मी विचारलं. त्याला माहीत नव्हतं.

२८ ऑक्टोबर, मंगळवार
सातपाटीची चंद्रकांता मासे घेऊन आली. वीस वर्षांची ओळख, त्यामुळे तोंडाला लगाम नाही. पापलेट निवडता निवडता तिला सगळा प्लॅन सांगितला. तर म्हणाली, "भाऊ, तुमी पोराला इचारलंय काय? नाय ना? मंग खोली कोनाची?"

मासेवालीने मासे विकावेत. पापलेट घेतलंच नाही. बोंबील घेतले.

९ नोव्हेंबर, रविवार
पालघरला सॅम्पल फ्लॅट. दुसऱ्या बेडरूमची भिंत साडेआठ फूट! पलंग, शेजारी कपाट, वर सुजितच्या आईचा, ज्ञानेश्वरीचा फोटो. मी तिथल्या तिथे सुजितला सांगितलं, पलंगाचं डोकं पूर्वेला येईल. तो म्हणाला, बाबा, ते नंतर बघू. दिशा फोन वर धरून बाहेर गेली.

परतताना सुजित म्हणाला, तुम्ही दमता, पुढच्या रविवारी नाही आलात तरी चालेल. पोरगा काळजी घेतो. आईवर गेलाय.

३० नोव्हेंबर, रविवार
तीन रविवार मला नेलं नाही. बरोबरच आहे. आधी खालच्या लोकांनी पाहणी करायची, फायनलला फोरमनला बोलवायचं. प्लांटमध्येही हेच. तोवर एक्केचाळीस मुद्द्यांची चेकलिस्ट करून व्हॉट्सअॅपवर पाठवली. मुद्दा क्रमांक एक: दुसरी बेडरूम बाथरूमजवळ हवी, गुडघ्यांमुळे. दिशाने अंगठा पाठवला. म्हणजे मंजूर.

३१ डिसेंबर, बुधवार
झालो रिटायर. शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ. भाषणात सांगितलं की आता मुलाच्या नव्या घरी पालघरला राहणार, सगळ्यांनी चहाला यायचं. टाळ्या पडल्या. सुजित खाली बुटांकडे बघत होता. भरून आलं असेल त्याला.

११ जानेवारी, रविवार
सुजितचा फोन. घर बुक केलं. पालघरचंच, तेच साडेआठ फुटी भिंतीचं. रेडी पझेशन. मला न विचारता, पण माझ्याच पसंतीचं! सरप्राइज द्यायचं असणार.

घड्याळ अजून खोक्यातच ठेवलंय. आता उघडेन ते पालघरला.

१ फेब्रुवारी, रविवार. दुपारी ४
दिशाने स्वतः फोन करून बोलावलं. म्हणाली, बाबा, येताना तुमचा टेप आणा. आनंदाने इस्त्रीचा शर्ट घातला.

सरळ दुसऱ्या बेडरूममध्ये नेलं. तिने टेपचं एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं. साडेसहा फूट, म्हणाली. आरामात बसतंय.

पलंगाचं माप हिला कसं कळलं, असा विचार करत होतो. तेवढ्यात सुजित म्हणाला, हिचं ऑफिसचं टेबल, बाबा. दोन स्क्रीन लागतात. घरून काम नसतं तर ही नोकरीच गेली असती. दिशा म्हणाली, बाबा, मी खूप वेळा सांगायचं ठरवलं होतं. मग दोघं एकदम बोलायला लागली. हॉलमध्ये सोफा-कम-बेड घेतोय, अगदी मऊ आहे, तुम्ही आलात की तिथे.

"आलात की."

मी टोक सोडलं नाही. माप पूर्ण होईपर्यंत घट्ट धरून ठेवलं. चौतीस वर्षांची सवय.

१९ फेब्रुवारी, गुरुवार
घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून. लग्न करून पाहिलं. घराचं ज्ञानेश्वरी जन्मभर म्हणत राहिली. उमरोळीला प्लॉट बघू म्हणाली, मी हसलो. कॉलनी असताना घर कशाला? बल्ब गेला तरी माणूस येऊन बदलतो. गावचं घर धाकट्या भावाला लिहून दिलं, तेही याच तोऱ्यात. सहा वर्षं झाली तिला जाऊन. शेवटच्या आजारपणात म्हणाली होती, अहो, तुमचं कसं होईल? मी म्हटलं, सुजित आहे की.

सुजितला दोष देत नाही. देतो. नाही देत. त्याने मला एकदाही "आमच्याकडे राहा" म्हटलं नव्हतं. मी एकदाही विचारलं नव्हतं. चंद्रकांताला दोन मिनिटांत कळलं ते मला चार महिन्यांत कळलं नाही, आणि वर त्या दिवशी पापलेटही सोडलं.

२४ मार्च, मंगळवार
सातपाटीला चंद्रकांताच्या भावाची, कमलाकांतची, माडीवरची भाड्याची खोली पाहिली. तो म्हणाला, "वास येल सुक्या मासलीचा. चालंल ना?" मी बाल्कनीत जाऊन हुंगलं. येतो. चालेल म्हटलं.

मग फोन वर धरून खोलीभर फिरलो. सुजितचा फोन यायला हवा ना. दाराशी एकही काडी नाही. मोरीजवळ एक. खिडकीखाली तीन. चंद्रकांता पदर तोंडाला लावून हसत होती. म्हणाली, "काय शोधताव भाऊ?" मी म्हटलं, यंग कस्टमर पहिलं हेच बघतात.

पलंग खिडकीखालीच लावणार. भिंत पाच फुटांची वाटते, पण नुसत्या डोळ्यांनी माप काढून मी आयुष्यात काम केलेलं नाही. टेप दिशाकडेच राहिलाय. रविवारी आणायला जाईन.

आधी फोन करून.