महाराणीचं तेल कुठून गळतं

३ नोव्हें., सोम.
घोर अनर्थ. पोर्चमधल्या नव्या पांढऱ्या फरशीवर पुरीएवढा काळा डाग. ही फरशी निवडताना घरात जेवढी चर्चा झाली तेवढी माझ्या लग्नाच्या वेळी झाली नव्हती. सौ. डागाकडे बोट दाखवून उभी, आणि नजर माझ्याकडे. मी तेल गाळत नाही, एवढंच बचावाचं भाषण केलं.

आरोपी अर्थात महाराणी. बाबा कोराडीच्या पॉवर स्टेशनातून निवृत्त झाले तेव्हा एका कोळसा ठेकेदाराकडून घेतलेली जर्मन गाडी. घेतली तेव्हाच जुनी होती, आता तर वृद्धच. शेजारी तिला रणगाडा म्हणतात. बाबा दर शनिवारी तिच्यातून एकटेच खाप्याला, आत्याकडे जातात. डाग दाखवला तर म्हणाले, "म्हाताऱ्या गाडीले घाम येणारच ना गा."

कार्य दिसलं, कारण शोधायचं. कॉलेजात संस्कृत आणि त्यातलं न्यायशास्त्र शिकवून इतकी वर्षं पोट भरलं. प्रात्यक्षिक आत्ता.

५ नोव्हें., बुध.
आमच्या प्रताप नगरातच राजूभाऊचं गॅरेज. त्यानं आधी इंजिन धुतलं, पुसलं, वाळवलं. मग चक्क टाल्कम पावडर मारली सगळीकडे. महाराणी लग्नाला निघाल्यासारखी दिसायला लागली. थोडा वेळ इंजिन चालू ठेवलं. पावडरीतून एक काळी रेघ हळूहळू खाली उतरली. रेघ धरून वर गेलो तर टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनच्या डोक्यावरचं झाकण. मी म्हटलं, राजूभाऊ, हेच अनुमान आम्ही धूर आणि अग्नी घेऊन दोन हजार वर्षं शिकवतो. तो म्हणाला, "सर, धूर निघाला असता त आपण पळालोच असतो."

त्याखालचं पॅकिंग सुकून पापड झालं होतं. बदललं. ऑइलही बदललं, नवं मापात भरलं. जुनं निघालं ते जरा जास्तच वाटलं, पण आम्ही दोघं पापड पाहण्यात गुंग.

८ नोव्हें., शनि.
फरशी कोरडी. सौ. प्रसन्न. दुपारच्या जेवणात मला न मागता सांबारवडी, कोथिंबिरीनं गच्च भरलेली.

बाबा खाप्याहून उशिरा आले. वांगी आणली. उशीर काहून म्हटलं तर हसले. कोराडीच्या वळणावर हात आपोआप वळला म्हणे, पॉवर स्टेशनच्या जुन्या कॉलनीपर्यंत जाऊन परत फिरले. "बैलाले जुना रस्ता माहीत राहते." आम्हीही हसलो.

११ नोव्हें., मंगळ.
डाग पुन्हा. आता जागा बदललीय, इंजिनच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्स जोडतो तिथे. सौ.ने त्यावर कुंडी ठेवली. बोलली नाही. हे जास्त वाईट.

संध्याकाळी राजूभाऊकडे. क्रँकचं, म्हणजे तिथे तेल अडवणारं सील गेलं असावं म्हणाला, म्हणजे गिअरबॉक्स खाली उतरवणं आलं. मोठं काम. सुरुवात करण्याआधी त्यानं सहज डिपस्टिक, तेल मोजायची पट्टी, ओढली. पुसली, पुन्हा घातली, पुन्हा ओढली. तेल वरच्या खुणेच्या कितीतरी वर.

"सर, तेल कोणं टाकलं?"

मी नाही म्हटलं. त्यानं मला मापाचा रिकामा डबा दाखवला, त्यानंही जास्त टाकलं नव्हतं. त्याचं म्हणणं असं की तेल जास्त झालं की आत दाब वाढतो, आणि जिथे कमजोर जागा असेल तिथून ते रस्ता काढतं. आधी वरून निघालं. तो रस्ता आपण बंद केला, आता मागून. जास्तीचं काढून टाकलं. सील उघडायचं नाही, आधी काही दिवस पाहायचं, असं ठरलं.

परक्याच्या गाडीत गुप्तपणे तेलदान करणारा पुण्यात्मा प्रताप नगरात कोण असावा? सौ. म्हणाली, तुमचा एखादा विद्यार्थी असेल, नापास झालेला.

१३ नोव्हें., गुरु.
पुण्यात्मा सापडला.

सकाळी पेपर आणायला बाहेर आलो तर बाबा पोर्चमध्ये. गाडी चालू केली, जरा घुर्रर्र झाली, बंद केली. लगेच बॉनेट वर, डिपस्टिक बाहेर. खांद्यावरच्या दुपट्ट्यानं पुसली, पाहिली. कॅनमधून तेलाची बारीक धार. झाकण घट्ट.

कोराडीत असताना ते सांगायचे, ड्यूटीवर येणाऱ्यानं तेलाची पातळी स्वतः पाहायची. आधीच्या शिफ्टवाल्याच्या तोंडी शब्दावर विश्वास नाही ठेवायचा. तीच शिस्त. पण इंजिन बंद केल्यावर थांबायचं असतं, तेल खाली चेंबरमध्ये उतरू द्यायचं, नाहीतर डिपस्टिक कमी दाखवते. हे मला कोणी शिकवलं? त्यांनीच. हीच गाडी, हाच पोर्च.

हसू आलं होतं. सांगणारच होतो. तेवढ्यात ते अंघोळीला गेले. मी पेपर वाचत तिथेच बसलो. अंघोळ करून, गंध लावून ते बाहेर आले आणि पुन्हा बॉनेट उघडलं.

मी म्हटलं, बाबा, आत्ताच पाहिलं ना?

"कुठं? आज पाहाचं राहूनच गेलं."

पुन्हा तेल टाकलं. कॅन जागेवर ठेवला, हात पुसले. चेहरा अगदी समाधानी.

मी पेपर चाळत राहिलो.

१४ नोव्हें., शुक्र.
सौ.ला सांगितलं. तिनं हातातली भाजी बाजूला ठेवली. मग म्हणाली, बाबा चहा झाल्यावर पुन्हा चहा मागतात. देते मी, अर्धा कप. मला का नाही सांगितलं, म्हटलं. "तुम्ही त्यावर काहीतरी विनोद केला असता."

केला असता. खरं आहे.

राजूभाऊ येऊन जास्तीचं तेल काढून गेला. कोणी टाकलं ते सांगितलं. जाताना बाबांच्या पाया पडला, नेहमी नुसता नमस्कार करतो.

तेलाचा कॅन माळ्यावर ठेवला. चोरासारखं वाटलं. संध्याकाळी बाबा नवा कॅन घेऊन आले.

१५ नोव्हें., शनि.
कॉलेजला सुट्टी टाकून खाप्याला सोबत निघालो. आत्याची आठवण आली म्हटलं. बाबांनी एक भुवई वर केली.

गाडी काय सुरेख चालवतात अजून. खड्डा दुरून ओळखतात, ट्रकला हॉर्न न देता ओलांडतात. मी ब्रेकच्या जागी पाय दाबत बसलो होतो, ते हळूहळू विसरलो. सावनेर रोडवर त्यांनी टर्बाइनच्या जुन्या गोष्टी सांगितल्या, कोणाची ड्यूटी कोणी केली, कोण कुठे झोपला. एकही नाव चुकलं नाही.

कोराडीचं वळण आलं. खाप्याला सरळ जायचं, पण बाबांनी इंडिकेटर दिला. गाडी हळू केली. मी तोंड उघडलं नाही, पाहायचं होतं मला. टिक टिक टिक. मग त्यांनीच इंडिकेटर बंद केला, सरळ निघाले. बरंच पुढे गेल्यावर, रस्त्यावरची नजर न काढता:

"तू काहून बोलला नाही?"

मी समोरच्या ट्रकची नंबरप्लेट वाचत बसलो.

"पाहून राहिला होता ना मले?"

हो म्हटलं. मग खाप्यापर्यंत कोणीच काही बोललं नाही. आत्यानं विचारलं, बापलेक भांडून आले का गा? बाबा म्हणाले, "नाई वं. याले गाडीची काळजी आहे."

१७ नोव्हें., सोम.
फरशी कोरडी. राजूभाऊचा फोन, सील करायचं की राहू द्यायचं. राहू दे म्हटलं.

डॉक्टरची वेळ घेतलीय, गुरुवारची. बाबांना सांगितलेलं नाही. येत्या शनिवारी खाप्याला एकटाच जाईन म्हणाले, तू कॉलेज बुडवू नको. मी हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही. सौ. विचारते, किल्लीचं काय करायचं. माहीत नाही.

गाडीची काळजी मला कधीच नव्हती. बाबा विसरतात, तेही होईल सहन, वय आहे. पण आपण विसरतो हे त्यांना कळतं. किती दिवसांपासून कळतंय कोण जाणे. आणि ते कोणालाच सांगत नाहीत, मलाही नाही. त्याचीच भीती वाटते.