सतरा नंबरचा बोल्ट

ऑरेंज, ४ ऑगस्ट १९७१

चि. लाईल यास युना आत्याचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. ऑगस्टची थंडी कडक आहे, सकाळी नळातलं पाणी गोठतं. माझे गुडघे कुरकुरतात, पण ऐकतात. सूनबाईचे दिवस भरत आले ना? तिला जड उचलू देऊ नकोस.

आता मुद्द्याचं. आमच्या रायफल क्लबात ९ ऑक्टोबरला जुन्या .३०३ रायफलींची शेवटची स्पर्धा आहे. पुढच्या वर्षापासून नव्या गोळीच्या रायफली येणार. युद्धात इथल्या शस्त्रकारखान्यात राबलेल्या सगळ्यांना खास आमंत्रण आहे. अट एकच, रायफल तेव्हा जशी बनून निघाली तशीच हवी, एकही भाग बदललेला नको. मी सचिव गोरहमला म्हटलं, माझं नाव लिही. तो हसून म्हणाला की बायकांसाठी चहाची शेड आहेच. पंचवीस वर्षं त्या शेडमध्ये मी यांना चहा पाजला आणि स्कोन खाऊ घातले, आणि माझ्यासाठी ही शेड! मी जागची हलले नाही. शेवटी वैतागून म्हणाला, अटीत बसणारी रायफल आणा, मग बघू. त्याला वाटलं, म्हातारी कुठून आणणार.

तुझ्या संग्रहात १९४३ची एक आहे ना? ती पाठव. मी नेम धरणार म्हणजे धरणार. तुझा बाप आणि मी एकाच रायफलीने ससे मारत मोठे झालो, आणि ससे माझेच जास्त असायचे.

थोरल्या मांजराला कुरवाळ. माया आहेच, पण पत्राने कळवत जा.

तुझी,
युना आत्या


लॉन्सेस्टन, १५ ऑगस्ट १९७१

ती. युना आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आम्ही दोघं पोट धरून हसलो. गोरहमची आता धडगत नाही. ससे तुझे जास्त होते हे मात्र बाबांनी कधी कबूल केलं नाही.

रायफल जरूर देतो, आणि नुसती नाही, शुद्ध करून! मी घेतली तेव्हा तिच्यावर लिथगोच्या कारखान्याचा शिक्का होता, पण गोळी आत सारणाऱ्या बोल्टवर भलताच, ओ. ए. असा. कोणीतरी मागाहून दुसऱ्या रायफलीचा बसवला असणार. तो मी हॉबार्टच्या अॅथल ग्रिग्जला दिला, तोही माझ्यासारखाच संग्रह करणारा, आणि बदल्यात संगिनीचं म्यान घेतलं. मग लिथगोच्या शिक्क्याचा बोल्ट शोधून बसवला. आता सगळं एका घरचं आहे, गोरहमला खोट सापडायची नाही.

तब्येतीला जप. तुझ्या रागासकट तुझी माया हवी आहे.

तुझा,
लाईल


ऑरेंज, २३ ऑगस्ट १९७१

चि. लाईल यास आशीर्वाद, पण आज हातचे राखून.

अरे गाढवा! अतिशहाणा त्याचा बैल रिकामा. ओ. ए. म्हणजे आमचा ऑरेंजचा कारखाना. त्या वर्षांत एक रायफल एका गावात कधी बनलीच नाही. एक भाग इथं, दुसरा तिथं, आणि जोडणी लिथगोला. तू जिला भेसळ समजलास तीच तिची जन्मखूण होती. ती तू आपल्या हाताने उपटून एका म्यानासाठी दिलीस!

बोल्ट तपासायच्या बाकावर मी तीन वर्षं उभी होते. पास झालेल्या प्रत्येकावर माझा नंबर ठोकायचा, सतरा. माझ्या शिक्क्यातल्या साताचं टोक तुटकं होतं. ग्रिग्जकडे जा आणि बोल्टच्या दांड्याखाली भिंगातून बघ. नंबर कोणताही असो, तो बोल्ट परत आण. बसवल्यावर बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडून मापाच्या गेजने तपासून घे. जागा सैल राहिली तर नेम राहू दे, माझा डोळा जाईल. आणि उशीर करू नकोस.

रागावले आहे, तरी माया तुटलेली नाही.

आत्या


लॉन्सेस्टन, १२ सप्टेंबर १९७१

ती. आत्यास, कान धरून साष्टांग नमस्कार.

हॉबार्टला जाऊन आलो. ग्रिग्ज आधी ऐकेचना. म्हणाला, दिली वस्तू दिली. मग तुझं पत्र त्याला वाचून दाखवलं, 'गाढवा' सकट. त्याने मुकाट्याने भिंग आणलं. आत्या, नंबर सतरा आहे, आणि साताचं टोक तुटकं आहे! तू तिकडे उभी राहून ठोकलेला आकडा मी कचरा म्हणून देऊन टाकला होता. मला माफ कर.

म्यान परत दिलं, वर माझी सगळ्यात जुनी संगीनही दिली. त्याचं वाईट वाटत नाही. गेजने तपासलं, बोल्ट घट्ट बसतो. मला निघता येणार नाही, डॉक्टरांनी नेमकी स्पर्धेच्याच आठवड्यातली तारीख दिली आहे. ग्रिग्ज स्पर्धेला येतोच आहे, तो रायफल घेऊन येईल. सतरा नंबरवाल्या बाईंना त्याला भेटायचंच आहे.

लोभ परत मिळवायला जे सांगशील ते करीन.

तुझा गाढव,
लाईल


ऑरेंज, १० ऑक्टोबर १९७१

चि. लाईल यास मनापासून आशीर्वाद.

मुलगी झाल्याची तार पोचली. क्लबात सगळ्यांना वाचून दाखवली.

आता ऐक. गोरहमने रायफल हातात घेतली आणि नाकाने कांदे सोलत एकेक शिक्का वाचला. बोल्टपाशी थांबला. म्हणाला की हा वेगळ्या कारखान्याचा आहे, भाग बदललेला आहे, बाद. म्हणजे तुझ्यासारखी गाढवं इकडेही आहेत. ग्रिग्ज भांडायला पुढे झाला, मी त्याला मागे सारलं.

कारखाना बंद झाला त्या दिवशी शिक्के परत करायचे होते. माझा मी केला नव्हता. सव्वीस वर्षं तो शिवणाच्या डब्यात होता. तो मी पिशवीतून काढला आणि चहाच्या पत्र्याच्या डब्यावर हातोडीने एकदाच ठोकला. मग डबा आणि बोल्ट शेजारी ठेवून गोरहमला भिंग दिलं. दोन्हीकडे तोच सतरा, तोच तुटका सात. त्याला म्हटलं, इथले बोल्ट लिथगोच्याच रायफलींत बसायचे, आणि हा मी पास केलाय, तू कोण नापास करणारा? त्याने मान खाली घालून वहीत माझं नाव लिहिलं.

पाचशे यार्डांवर पहिली गोळी वाऱ्याने वाहून गेली. नेम धरून पोटावर पडले होते तिथेच मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. मग वारा दाखवणाऱ्या झेंड्यांकडे बघितलं, नेम दोन हात डावीकडे धरला आणि पुढच्या नऊ फळीवर लागल्या. पन्नासपैकी एकेचाळीस झाले. गोरहमचे एकोणचाळीस. खांदा जांभळा पडलाय, बघितला की बरं वाटतं.

रायफल परत पाठवत नाही. ती तुझ्या मुलीची, पण तिला उचलता येईपर्यंत माझ्याकडे राहील. नव्या रायफलींच्या वर्गासाठी मी अर्ज दिला आहे.

शेवटी सगळे शेडकडे वळले आणि माझ्या तोंडाकडे बघत उभे राहिले. मी खुर्ची ओढून बसले. चहा गोरहमने केला. कडू होता. मी दोन कप घेतले.

सूनबाईला आणि छकुलीला पापे. तुझा गुन्हा माफ, लोभ पहिल्यासारखा.

तुझी,
युना आत्या