पगारात वाढवा, पोळीत नको

आई, तू गेलीस त्याला बावीस वर्षं झाली आणि मी तुला कधी काही लिहिलं नाही. लिहून करायचं काय, तुला वाचताच येत नव्हतं. मला येतं ते सहावीपर्यंतचं. पोरीची जुनी वही घेऊन बसलेय. मंगळवारची दुपार आहे आणि मी घरात आहे. मला दुपारी घरात बसायची सवय नाही. आत्तापर्यंत दोनदा ओटा पुसला. कुकर घासला, तो घासलेलाच होता. कुणाशी तरी भांडावंसं वाटतंय आणि समोर कुणी नाही, म्हणून तू.

मी काम सोडलं. कोणतं ते तुला माहीत नाही, तू गेल्यावर लागलेलं. कोथरूडला शिकवणीचा क्लास आहे, दहावी-बारावीच्या पोरांचा. मी लागले तेव्हा एका सोसायटीच्या तळमजल्यावर दोन खोल्या होत्या आणि सर स्वतः फळा पुसायचे. आता तीन मजले आहेत आणि फळा कुठंच नाही, भिंतीवर टीव्हीसारखे पडदे आहेत. चाव्या माझ्याकडे. सकाळी साडेसहाला कुलूप मी उघडायचं, केर-फरशी, पिण्याचं पाणी, चहा, आणि वर हजेरी. हजेरीचं काम माझं नव्हतंच. ऑफिसातली मुलगी सोडून गेली तेव्हा सर म्हणाले, "मावशी, चार दिवस तुम्ही बघा." ते चार दिवस सहा वर्षं चालले. इंग्रजीतली नावं मी अक्षरांच्या आकारावरून ओळखायला शिकले. कोण पोरगी क्लासला जाते सांगून कुठं जाते, ते तिच्या आईच्या आधी मला कळायचं. कामं अशी वाढत गेली. पगार चार वर्षं होता तिथंच.

तिथं मला सगळे मावशी म्हणतात. सरांची आईसुद्धा, आणि ती माझ्यापेक्षा पंचवीस वर्षांनी मोठी आहे. आधी बरं वाटायचं. मग कळलं त्यातलं. मावशीचा पगार कुणी वाढवत नाही, मावशीला साडी देतात. दिवाळीला साडी, संक्रांतीला गुळपोळीचा डबा, सरांच्या घरी नवा मिक्सर आला की जुना मला. माझ्या कपाटात सात साड्या आहेत, सगळ्या एकाच दुकानातल्या, एक रंग तर दोनदा आलाय. मी घेत गेले. रस्त्यावर रिक्षावाल्याला दोन रुपयांसाठी धारेवर धरणारी मी, पण साडी समोर आली की तोंड बंद, "कशाला सर" म्हणायचं आणि पिशवीत टाकायची.

तू असतीस तर पिशवी उलटी केली असतीस. मी नऊ-दहा वर्षांची असेन. शाळेला सुट्टी म्हणून तू मला डेक्कनच्या बाजूच्या त्या बंगल्यावर घेऊन गेलीस. तू मागच्या मोरीवर भांडी घासतेयस, मी पायरीवर बसलेय. बाई बाहेर येतात आणि कागदात गुंडाळलेल्या पुरणपोळ्या माझ्या हातात देतात. कालच्या होत्या, पण तूप लावलेल्या. माझे दोन्ही हात आधीच पुढं गेलेले. तू राखेचे हात धुतलेस, सावकाश, माझ्या हातातला कागद घेतलास आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर नेऊन ठेवलास. म्हणालीस, "बाई, पगारात वाढवा, पोळीत नगं." बाई हसल्या. "अगं, लेकराला दिलंय. त्यात एवढं काय?" तू म्हणालीस, "लेकराला हाय म्हणूनच." आणि परत भांड्यांना बसलीस.

परत येताना मी रस्ताभर रडले आणि तू रस्ताभर बोललीस. तुझी आई गावाकडं, लोणी काळभोरच्या पुढं, सणाला दारोदार जाऊन पदरात भाकरी घ्यायची. ते मागणं नव्हतं, वर्षभर केलेल्या कामाचाच तो मोबदला होता, पण देणारा म्हणायचा मी दिलं आणि घेणाऱ्यानं मान खाली घालायची. बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा सगळ्या वस्तीनं ते बंद केलं. "काम केलं की पैसा घ्यायचा. जिनसं घ्यायची न्हाईत. जिनसं घेतली की तोंड शिवलं जातं." मला त्यातलं काही कळलं नाही. मला पोळी हवी होती. बाई पगाराचं "बघू" म्हणाल्या, पुढच्या महिन्यात परत "बघू" म्हणाल्या, आणि तू ते काम सोडलंस. दुसरं मिळेपर्यंत भाकरी आणि लसणाची चटणी. मी तुला तोंडावर म्हणाले होते, तुझ्या ताठ्यानं आमचं पोट भरत नाही. तू लाटणं फेकून मारलंस. नेम तुझा कधीच नव्हता.

तोंड शिवलं जातं, हे आता सांगते कसं. पोरगी दहावीला होती तेव्हा सर म्हणाले, "मावशी, आपल्याच क्लासला बसवा. फी राहू द्या." दोन वर्षं ती तिथं शिकली. मी हात जोडले होते सरांना, खरं सांगते, डोळ्यांत पाणी आलं होतं. पोरगी आता हिंजवडीला नोकरी करते, महिन्याला माझ्या वर्षाच्या पगाराच्या जवळपास आणते. ती म्हणते, आई, सोड ना, कशाला राबतेस. तिला वाटतं मला पैसे कमी पडतात. मला सोडायचं नव्हतं. मला वाढ हवी होती, त्याच माणसाकडून, त्याच कामाची. एवढं साधं तिला समजत नाही.

मागच्या चार वर्षांत मी सरांशी चारदा बोलले. निकाल लागू दे. दिवाळी होऊ दे. नव्या ॲडमिशन होऊ देत. चौथ्यांदा तर ऐकलंच नाही, फोन आला म्हणाले, फोन वाजला पण नव्हता. मागच्या महिन्यात मी चहा न घेता केबिनमध्ये गेले. चहा घेऊन गेलं की माणूस चहाकडं बघतो.

"सर, पगाराचं बोलायचंय."

"बोला ना मावशी. तुम्ही काय परक्या आहात?"

"परकी असते तर बरं झालं असतं. परक्यांचा वाढला. वॉचमनचा दोनदा वाढला."

"तो एजन्सीचा माणूस. तुम्ही घरच्या. घरचं माणूस असा हिशेब करतं का?"

"घरची असते तर रविवारी सुट्टी असती सर."

हसले. हसण्यावारी न्यायची त्यांना चांगली सवय आहे. मग खुर्ची मागं सरकवली आणि हळू आवाजात म्हणाले, "मावशी, आपण कधी बोलून दाखवलं नाही. पण तुमच्या मुलीची दोन वर्षं एक रुपया फी घेतली नव्हती. विसरलात?"

आई, माझं तोंड शिवलं गेलं. मग मी म्हणाले, "फी किती होती ते सांगा. दर महिन्याला कापून घ्या. पण आधी पगार वाढवा, म्हणजे कापायला काहीतरी राहील."

"अहो, असं काय बोलता? ते प्रेमानं दिलं होतं."

"प्रेमाचं असं असतं सर, ते बरोबर पगाराच्या दिवशी आठवतं."

सर लाल झाले. म्हणाले, बघू. मी म्हणाले, एक तारखेपर्यंत बघा, नाहीतर चाव्या ठेवते. एक तारखेला मी सगळे वर्ग झाडले, हजेरी पुरी केली, तिन्ही मजल्यांच्या चाव्या त्यांच्या टेबलावर ठेवल्या. ते फोनवर होते, या वेळी खरंच होते. चाव्यांकडं बघितलं, मान हलवली, जसं मी कागदाचा गठ्ठा ठेवलाय. मी उतरले. खाली सोसायटीच्या फाटकाशी चप्पल सरळ करत उभी राहिले. एका चपलेला किती वेळ लागतो. वॉचमन म्हणाला, "काय मावशी, आज लवकर?" मी म्हणाले, "तू तुझं गेट बघ."

आज सकाळी फोन आला. नवीन बाई लागलीये, तरुण आहे आवाजावरून. म्हणाली, "ताई, वरच्या मजल्याचं कुलूप उघडतच नाहीये." ते कुलूप किल्ली अर्धी आत घालून जरा वर उचलल्याशिवाय उघडत नाही, ते मी कुणाला सांगितलेलं नव्हतं. सांगू नये असं वाटलं. सांगितलं. ते सांगून झाल्यावर विचारलं, "तुला किती ठरवलाय गं पगार?" तिनं सांगितला. मी मागत होते त्याच्यापेक्षा शंभरच रुपये कमी. हजेरी तिला करायला लागत नाही, त्याला दुसरी मुलगी ठेवलीये. म्हणजे माझ्या एकटीच्या कामाला आता दोघी, आणि दोघींना पैसे आहेत.

रागानं मी उभीच राहिले. मग पोरीला फोन लावून सांगितलं, बघ, मी बरोबर होते, होती त्यांच्याकडं ऐपत. ती म्हणाली, झालं ना मग, जिंकलीस. तुझ्यासारखीच वाटले मी तिला, तिनं तुला बघितलेलं नाही तरी. तुझ्या गोष्टी मी तिला सांगितल्यात, तू ठेवलेला कागद, तुझा ताठा.

पण एक तिला सांगितलेलं नाही. हे पत्र कुठं टाकायचं नाही, वही उद्या रद्दीत जाईल, म्हणून तुला सांगते. फाटकाशी मी चपलेशी खेळत नव्हते. मी थांबले होते. तिसऱ्या मजल्यावरून कुणी नुसतं "मावशी, थांबा" म्हटलं असतं, तर मी जुन्याच पगारावर परत वर गेले असते.