स्पिरिटचा बोळा

बुऱ्हाणपूर,
मार्च १९६१

प्रिय सुलभा,

तुझं पत्र मिळालं. रडत लिहिलंस, शाई जागोजाग फुटली आहे. कॉलेजात केमिस्ट्री शिकलेल्या आईने जावयाच्या उपयोगी पडावं, हे तुझं म्हणणं कळलं. अरविंदरावांना शिक्षा झाली तर रेल्वेतली नोकरी जाईल, तेही कळलं.

राज्यं नव्याने आखली तेव्हा आम्ही मध्य प्रदेशात राहिलो, तू भुसावळला, हद्दीपलीकडे. इकडे दारूचं दुकान उघडं, तिकडे बंदी. तुला वाटतं, ते मला भेटायला येतात. वर्षभरात त्यांनी माझी पायरी चढलेली नाही. इथे राजपुऱ्यातल्या दारूच्या दुकानात येतात नि तिथूनच परतीची गाडी धरतात. खटला झाला त्या संध्याकाळी असेच पिऊन भुसावळला उतरताना पोलिसांनी धरलं आणि दवाखान्यात नेऊन रक्त काढलं.

मी त्या दवाखान्यात जाऊन आले. रक्तातला मद्यार्क उडवून तो नारिंगी डायक्रोमेटच्या द्रावणात घेतात. द्रावण हिरवं होतं. जितका मद्यार्क, तितकं हिरवं. पद्धत चोख आहे. पण सुई टोचण्याआधी दंड कशाने पुसला, असं मी तिथल्या कंपाउंडरला, कडूला, विचारलं. तो हसला. म्हणे, स्पिरिटच्या बोळ्याने की बाई, नाहीतर काय तापीच्या पाण्याने पुसू? स्पिरिट म्हणजे मद्यार्कच. साबण-पाणी वापरायला हवं होतं. आता तो हिरवा रंग दारूच्या बाटलीतला की बोळ्यातला, हे कोणीच सांगू शकणार नाही. मीसुद्धा नाही.

तारखेला येऊन मी कोर्टात हेच सांगेन. ते सुटतील.

गेल्या वैशाखात आलीस, तेव्हा एवढ्या उकाड्यात मानेवरचा पदर ढळू देत नव्हतीस. विचारलं तर म्हणालीस, कढईतलं तेल उडालं. सुलभा, तेलाचे डाग बोटांसारखे उमटत नाहीत. पण त्याची परीक्षा कोणत्याच प्रयोगशाळेत होत नाही, आणि तू बोलत नाहीस.

मला खोटं बोलता येत नाही, नाहीतर या वेळी त्यांच्याविरुद्ध बोलले असते.

हे पत्र साक्षीबद्दल नाही. साक्ष झाली की मी थेट स्टेशनवर जाईन आणि बुऱ्हाणपूरची दोन तिकिटं काढीन. तू निकालाला थांबू नकोस. थांबशील, ते मला ठाऊक आहे. तरी गाडी हलेपर्यंत मी डब्याच्या दारात उभी राहीन.

तुझीच,
आई