एकाच नावाची दोन बटणं

४ फेब्रुवारी, मंगळवार

खिडकी उघडली! पडद्यावर करडा चौकोन, चौकोनात एक बटण, आणि बटणावर — प्रश्नचिन्हं. नुसती प्रश्नचिन्हं. मी लिहिलं होतं 'ऐकू आलं'. म्हणजे बटणच मला विचारत होतं, काय म्हणालीस?

डॉक्टरीणबाईंना कान तपासायचा साधा प्रोग्राम हवाय. हेडफोनमधून पीं वाजणार. ऐकू आलं की माणसाने बटण दाबायचं. नाही दाबलं तर आवाज चढत जाणार. बस. त्यासाठी ही नवी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, घेतलीय. तिची रीत गमतीची आहे. बटण एकदा बनवून ठेवायचं नाही. दर क्षणी पडदा पुसायचा, सगळं नव्याने काढायचं आणि काढता काढता विचारायचं — दाबलं का? परत पुसायचं, परत काढायचं — दाबलं का? मागचं काही लक्षात ठेवायचं नाही. आमच्या सासूबाई जशा. "दूध घेतलंस का?" "हो आई." पाच मिनिटांनी — "अगं, दूध घेतलंस का?"

५ फेब्रुवारी

फॉन्ट घातला. प्रश्नचिन्हं गेली, मराठी आली — पण मोडकी. जोडाक्षरं फाटून उभी, आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या भलत्याच बाजूला. या लायब्ररीला ते कळतच नाही. शिकवत बसले तर डॉक्टरीणबाईंचे पेशंट म्हातारे होतील.

शक्कल! जोडाक्षर नाही, ऱ्हस्व वेलांटी नाही, असेच शब्द वापरायचे. 'निकाल' बाद — 'काय आढळलं'. 'पुन्हा' बाद — 'परत'. 'डावा कान', 'उजवा कान', 'ऐकू आलं' — एकदम सुरेख. दिवसभर असे शब्द शोधून शोधून संध्याकाळी नवऱ्याशीही तसंच बोलत होते. 'चहा घेणार?' 'साखर हवी?' ह्याला वाटलं मी रागावलेय.

८ फेब्रुवारी, शनिवार

आज बाबांना गळाला लावलं. सासऱ्यांना ऐकू येत नाही हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांच्यामुळे टीव्ही शेजारपाजारच्यांनाही ऐकू जातो, आणि आईंना दिवसभर ओरडून बोलावं लागतं. पण डॉक्टरकडे चला म्हटलं की कानावर हात. म्हणून म्हटलं, बाबा, तुम्हाला नाही तपासायचं, माझं बटण तपासायचंय. जन्मभर बस चालवलेला माणूस, यंत्रातल्या चुका काढायच्या म्हटल्यावर लगेच खुर्चीत!

वर डावा कान, खाली उजवा. दोन्हीखाली 'ऐकू आलं'चं बटण. म्हटलं, वरून सुरू करा. अर्थातच त्यांनी खालून सुरू केलं. थोड्या वेळाने माऊस ढकलून दिला.

"तुझं बटण मेलंय," म्हणाले, आणि उठून गेले.

नाचता येईना अंगण वाकडं! पडद्यावर उजव्या कानापुढे एकही नोंद नाही. आवाज पार वरपर्यंत चढला तरी नाही.

९ फेब्रुवारी

मी मूर्ख. जेवताना ह्याला सांगून टाकलं. ह्याला निमित्तच हवं होतं. "उजव्या कानाने काहीच ऐकू येत नाही, आणि रस्त्यावर स्कूटर?" — किल्ली काढून घेतली. आई म्हणाल्या, बरं केलंस, माझा जीव टांगणीला असतो. बाबा भांडतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त भाकरी मोडली.

ती स्कूटर ते रोज पुसतात. आजही पुसली. कुठे जाणार नव्हते तरी.

११ फेब्रुवारी, मंगळवार

बटण खरंच मेलेलं होतं!!

डॉक्टरीणबाईंना दाखवायचं म्हणून आज स्वतः दाबून बघितलं. वरचं चालतं. खालचं ढिम्म. अर्धा दिवस डोकं खाजवलं. मग कळलं — ही लायब्ररी बटणाला त्याच्यावरच्या नावावरून ओळखते. माझ्या दोन्ही बटणांवर एकच नाव. तिला वाटतं, बटण एकच. खालचं दाबलं की ती वरच्याला जाऊन विचारते, तुला दाबलं का? ते म्हणतं नाही. झालं! खालच्याचं कुणी ऐकतच नाही.

उपाय एवढासा. नावापुढे दोन हॅश (##) काढायचे आणि त्यांच्यामागे खरी ओळख लिहायची, एकाला 'डावा', दुसऱ्याला 'उजवा'. हॅशमागचं पडद्यावर दिसत नाही. दिसायला दोघं सारखीच, पण कोण कुठलं ते आत माहीत असतं.

आणि आता आठवतंय — त्या दिवशी टकटक येत होती. बाबा दाबत होते. प्रत्येक पींला दाबत होते! मग बहिरं कोण, माझं बटण!

१२ फेब्रुवारी

बाबा, परत बसता का? — ऐकू आलं नाही. मोठ्याने विचारलं. तेही नाही. सोयीचं बहिरेपण वाटतं!

मग मी एक नीचपणा केला. ते पेपर वाचत होते, मी पाठमोरी कपड्यांच्या घड्या घालत होते. अगदी हळू, स्वतःशीच पुटपुटल्यासारखं म्हटलं, "किल्ली माळ्यावरच्या निळ्या पिशवीत ठेवलीय वाटतं." आई तिथेच बसल्या होत्या, त्यांनी मानसुद्धा वर केली नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन थांबले.

परत आले तर बाबा स्टुलावर. हात निळ्या पिशवीत. पिशवीत जुने स्वेटर.

मग दोघंही हसलो — मी तोंडात पदराचा बोळा कोंबून, ते स्टुलाला धरून. आईंनी ओरडून विचारलं काय झालं, तेव्हा बाबा म्हणाले, "आँ?"

१३ फेब्रुवारी

जिन्यात गाठलं त्यांना. कधीपासून हे नाटक? म्हणाले, "ऐकावं जनाचं, करावं मनाचं. त्यातली पहिली अर्धी भानगडच मी ठेवली नाही." मी म्हटलं, लबाड आहात. पण मी आज ह्याला सांगते, चूक माझ्या बटणाची होती. लगेच किल्ली मिळेल.

एकदम चेहरा बदलला. "सांगायचं नाही."

अहो, पण स्कूटर?

"राहू दे स्कूटर."

कळलं नाही. रोज पुसतात ती, आणि राहू दे? कामं टाळण्याची एवढी किंमत कुणी देतं का? चीड आली मला. आई बिचाऱ्या घसा फोडतात आणि हे आपले ऐटीत बहिरे!

१५ फेब्रुवारी, शनिवार

डॉक्टरीणबाई खूश. फक्त म्हणाल्या, घरातल्या एखाद्या चांगल्या कानाचा नमुना द्या, ताडून बघायला. बाबांचा कसा देणार, ते तर बहिरे! आई आपणहून पुढे झाल्या. नोकरी टेलिफोन एक्सचेंजमधली. नुसत्या 'हॅलो'वरून माणूस ओळखायच्या, हे आम्ही रोज ऐकतो. उद्या बसणार आहेत. बाबा दुपारपासून माझ्या मागे मागे — "दुसऱ्या कुणाचा घे ना. तुझाच घे." का? — "आँ?"

१६ फेब्रुवारी

आईंनी केस सारखे केले. हेडफोन लावला. माऊसवर बोट ठेवून ऐटीत बसल्या. मी 'सुरू' दाबलं.

पीं वाजली. हेडफोनच्या बाहेर मला बारीक ऐकू येत होती. आवाज चढला. आणखी चढला. आईंचं बोट तसंच. पडद्यावर एकेक रेघ रिकामी जात होती. बटण परत मेलं की काय! वाकून बघितलं. दोन हॅश जागच्या जागी. मागे ओळख बरोबर.

"अगं, सुरू कर की आता," आई म्हणाल्या. ओरडूनच म्हणाल्या.

दारात बाबा उभे होते. माझ्याकडे बघून त्यांनी मान हलवली, नाही म्हणून. मी प्रोग्राम बंद केला. आईंना खुणेने सांगितलं, बिघडलाय.

मग जिन्यात बाबा म्हणाले, "टीव्ही मोठा, तो माझ्यामुळे. ओरडावं लागतं, तेही माझ्यामुळे. तिला असंच वाटू दे गं. कानावर जगलेली बाई आहे ती."

आता रडू थांबत नाहीये. आणि मी त्यांना लबाड म्हटलं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आज जेवताना बाबांनी जाहीर केलं की हरलो, कानाला मशीन लावतो. पण एकट्याला लाज वाटते, हिने सोबतीला लावलं तरच. आई म्हणाल्या, यांच्यापायी मेलं काय काय करावं लागणार आहे अजून! — आणि तयार झाल्या.

हात धुताना बाबा हळूच मला म्हणाले, "माझ्यात सेल घालू नकोस."